चढते गुण की स्थिर गुण?

प्रश्न : मुलाला नववीत 64 आणि दहावीत 79 टक्के होते, अकरावीच्या सहामाहीत 86 पडले. भाचीला तिन्ही वेळा 77-78. दोघांनाही बारावीनंतर पदवीसाठी अमेरिकेत जायचं आहे. तिथे चढत्या गुणांना जास्त भाव मिळतो म्हणतात, ते खरं का? – एक पालक, पुणे

उत्तर : अर्धं खरं. मुलाची सरासरी 76.3 येते, म्हणजे भाचीपेक्षा थोडी कमीच. तरी अर्ज वाचणाऱ्याला सर्वांत ताजा आकडा 86 दिसतो, त्यामुळे तो उजवा ठरू शकतो. भाचीला पहिल्यापासून 86 असते, तर मात्र तीच पुढे. शिवाय गुण विषय सोपे घेतल्यामुळे वाढले का, हेही पाहिलं जातं. गणित सोडून मिळवलेल्या 86 ला तेवढं वजन नाही.

खरी गोची अकरावीत होते. आपल्याकडे अकरावीचा प्रवेश दहावीच्या बेस्ट ऑफ फाइव्हवर, पुढे सीईटीचा पर्सेंटाइल. अकरावीच्या गुणांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. मुलं क्लासच्या मागे लागतात आणि कॉलेजच्या परीक्षा कशाबशा उरकतात. अमेरिकेचे अर्ज साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत, बारावी चालू असताना जातात. तेव्हा पूर्ण झालेलं शेवटचं वर्ष अकरावीच असतं. दहावीला 92 आणि अकरावीला 68 हा उतरता आलेख सगळ्यांत वाईट. बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे शाखा असलेलं कॅलिफोर्निया विद्यापीठ तर जीपीए (गुणांची सरासरी) दहावी-अकरावीवरच काढतं. नववी सरासरीत धरत नाहीत, पण तिचे गुण अर्जात द्यावे लागतात. तुमच्या मुलाच्या 64 चा फटका तिथे कमी बसेल.

कागदपत्रांचं आत्ताच बघा. नववी-दहावी शाळेत आणि पुढचं कॉलेजात, त्यामुळे नववीचं प्रगतिपुस्तक ऐन वेळी सापडत नाही. शाळेतून सही-शिक्क्याची प्रत आणून कॉलेजकडे द्या, कारण अनेक अमेरिकी विद्यापीठांच्या सामाईक ऑनलाइन अर्जावर, म्हणजे कॉमन अ‍ॅपवर गुणपत्रकं विद्यार्थ्याने नव्हे, कॉलेजने चढवायची असतात. टक्क्यांचा 4 पैकी जीपीए घरी काढू नका, टक्के तसेच लिहा. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास इथल्या कॉलेजला बारावीच्या सहामाहीचे गुण अमेरिकेतल्या विद्यापीठाकडे पाठवावे लागतात आणि निकालानंतर बोर्डाचे. त्यात मोठी घसरण झाली, तर दिलेला प्रवेशही काढून घेतला जाऊ शकतो.

नववीतल्या 64 ला आजारपण किंवा शाळाबदल असं कारण असेल, तर अर्जातल्या ‘अधिक माहिती’च्या रकान्यात तीन-चार ओळी लिहा आणि कॉलेजच्या पत्रातही तेच येऊ द्या. कारण नसेल, तर रकाना कोरा ठेवा.