उबंटू लिनक्सवर पिप, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणारं टूल, ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणत अडतंय. ‘--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ लावून पुढे जाऊ का? आणि पिप बरं की कोंडा हे पॅकेजेस बसवणारं दुसरं टूल?

नका लावू. सिस्टिम मोडणार हे फ्लॅगच्या नावातच लिहिलंय, आणखी कोणी काय सांगायचं?

एप्रिल 2018. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागून मला चार महिने झाले होते. सर्व्हरवर उबंटू 16.04. आमचे सीनियर ऊठसूट सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनचे हक्क घेऊन, पिप चालवायचे. मी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं (प्रत्येक प्रोजेक्टची पॅकेजेस वेगळी ठेवायची सोय) नाव काढलं की म्हणायचे, “एक सर्व्हर, एक प्रोजेक्ट. कशाला तो उपद्व्याप?” त्या दिवशी पिपने नेहमीसारखी पिवळ्या अक्षरांत भुणभुण लावली, नवी आवृत्ती आलीय, अपग्रेड करा. सीनियर म्हणाले, “टाक करून.” टाकलं. पिप 10 आलं, आणि पुढच्याच डिप्लॉयला ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम मेन’.

झालं होतं असं, की पिप ही कमांड म्हणजे एपीटीने (उबंटूचा स्वतःचा पॅकेज मॅनेजर) ठेवलेली चार ओळींची स्क्रिप्ट. ती पिपकडे ‘मेन’ हे फंक्शन मागायची. सुडोने आणलेलं नवं पिप यूएसआर-लोकल या वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन बसलं, पायथनला तेच आधी सापडायला लागलं, आणि 10 मध्ये नेमकी त्या ‘मेन’ची जागा बदललेली. रात्री साडेअकराला ‘सुडो पायथन3 -एम पिप अनइन्स्टॉल पिप’ करून नवं उपटलं, तेव्हा जुनं चालू झालं. सकाळच्या मेलमध्ये मात्र ‘ज्युनियरच्या चुकीमुळे’.

2023 मध्ये उबंटू 23.04 आणि डेबियन 12 ने सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने थेट बसवायचं हे दारच बंद केलं. तुम्हाला दिसतोय तो एरर हाच. सांगा आता सर, उपद्व्याप कोणाचा होता?

तर ‘पायथन3 -एम व्हेन्व .व्हेन्व’ करा आणि त्याच्या आतलं पिप वापरा. व्हेन्व (व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवणारं टूल) पायथन 3.3 पासून, म्हणजे 2012 पासून पायथनसोबतच येतं, त्यामुळे वेळ नव्हता वगैरे कारणं नकोत. नुसतं एखादं टूल हवं असेल तर पिपएक्स, ते त्या टूलला आपोआप वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवतं. कोंडाच्या वाटेला मी फारसा गेलो नाही.

हां, डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे मूळ सिस्टिमपासून वेगळ्या डब्यात, तो फ्लॅग मीही लावतो. तिथे मोडलं तर इमेज पुन्हा बनवायची, संपलं. आणि व्हेन्व सोबत येतं म्हणालो खरं, पण उबंटूने ते वेगळं काढून ठेवलंय. आधी एपीटीने ‘पायथन3-व्हेन्व’ घ्यावं लागतं. हे तेव्हा सीनियरना ठाऊक असतं तर तेवढंच धरून बसले असते.