डावीकडचंच बेअरिंग आधी का जातं? ट्रॅकवर जाणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या महिन्यात नाशिकची चार-पाच पोरं चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर आपापल्या गाड्या फिरवून आली. आल्यापासून माझ्याकडे प्रश्नांची रीघ आहे आणि निम्म्याहून जास्त प्रश्न चाकाच्या बेअरिंगचे आहेत. म्हणून या वेळी फक्त तेच घेतो. टर्बो आणि एक्झॉस्टवाल्यांनी थोडं थांबावं.

सर, ट्रॅकवरून आल्यापासून माझी स्विफ्ट ८० च्या पुढे घूंऽऽ असा आवाज करते. घोटीकडे जाताना रस्ता डावीकडे वळला की आवाज कमी होतो, उजवीकडे वळला की वाढतो. एक मेकॅनिक टायर म्हणतो, दुसरा बेअरिंग. चाक हलवून पाहिलं, प्ले (ढिलेपणा) अजिबात नाही.
*– एक वाचक, गोविंदनगर*

उत्तर तुमच्या पत्रातच आहे. गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डाव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढतो, म्हणजे संशयित डावीकडचा. बहुधा पुढचाच, पण मागचा लगेच सोडून देऊ नका. आवाज गाडीच्या पत्र्यातून फिरत फिरत येतो आणि कान फसतात.

टायर की बेअरिंग हे ठरवायला आपल्याकडे सोय चांगली आहे. समृद्धीच्या काँक्रीटवरून उतरून डांबरी रस्त्याला लागा. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं, ते फक्त वेग ओळखतं. मग रिकामा रस्ता पाहून ८० ला क्लच दाबा. इंजिन खाली आलं तरी सूर तसाच राहिला तर इंजिनही सुटलं.

आता प्ले. इथे बरेच जण फसतात. चाक वर-खाली धरून हलवलं, खटखट नाही, म्हणजे बेअरिंग ठीक, असं नसतं. हल्लीच्या दोन ओळींच्या छर्‍यांच्या बेअरिंगमध्ये आधी रिंगेवरचा पृष्ठभाग सोलवटतो. आवाज तेव्हाच सुरू होतो, प्ले फार नंतर येतो. म्हणून गाडी घोडीवर (स्टँडवर) घ्या, चाक एका हाताने फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवा. चांगल्या बेअरिंगला स्प्रिंग गप्प असते. गेलेल्याला बोटांखाली बारीक खरखर लागते, जात्यात वाळूचा कण आल्यासारखी. डावं-उजवं दोन्ही तपासा, फरक हातालाच कळेल.

डावंच का, हेही सांगतो. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चालतो, ग्रेटर नोएडाचं ५.१२५ किलोमीटरचं बुद्ध सर्किटही तसंच. दिवसभर उजवी वळणं जास्त, म्हणून डावी चाकं जास्त दाबली जातात. बदलेपर्यंत या गाडीने ट्रॅकवर जाऊ नका. कसारा घाटही शक्यतो टाळा.

अंबडला एका ठिकाणी प्रेसवर नवीन बेअरिंग बसवून आणलं. सहाशे किलोमीटरमध्ये परत आवाज, वर एबीएसचा दिवाही लागला. माल डुप्लिकेट असेल का?
*– एक वाचक, पाथर्डी फाटा*

असू शकतो. बाजारात नकली माल आहे, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर घ्या. पण तुमची दोन्ही लक्षणं एकत्र आली आहेत, त्यामुळे मला बसवण्यात घोळ वाटतो. माझ्या पाहण्यात ट्रॅकवर मेलेल्या बेअरिंगपेक्षा बसवताना मेलेली जास्त आहेत.

स्विफ्टसारख्या गाड्यांत बेअरिंग आधी नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या भागात दाबतात, ते निसटू नये म्हणून सर्कलिपची कडी लावतात, मग त्यात हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग दाबतात. नियम सोपा आहे. जी रिंग घट्ट बसायची, दाब तिच्यावरच द्यायचा. नकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रिंगेवर. हब दाबताना खालून आधार आतल्या रिंगेला. हे चुकलं की प्रेसचा सगळा जोर छर्‍यांमधून जातो आणि प्रत्येक छर्रा रिंगेवर सूक्ष्म खड्डा पाडतो. त्या क्षणी काहीच कळत नाही. चाक हाताने मुलायम फिरतं, पैसे दिले जातात, गाडी घरी जाते. काहीशे किलोमीटरनंतर ते खड्डे गायला लागतात. असं एखादं बेअरिंग कापून आतली धाव (छर्रे फिरतात ती वाट) उजेडात तिरकी धरा, छर्‍यांच्याच अंतरावर ठिपके दिसतात. बसवणाऱ्याच्या चुकीचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. वीसेक वर्षांपूर्वी घाईत असताना मी स्वतः हातोडा आणि लोखंडी पाइपाचा तुकडा घेऊन एक बेअरिंग ठोकून बसवलं होतं. गिऱ्हाईक मुंबईला पोचायच्या आत त्याचा फोन आला.

आता दिवा. बऱ्याच नव्या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. एबीएसचा सेन्सर ती वाचतो. ती बाजू सेन्सरकडे यायला हवी. उलटं बसलं की सेन्सरला काही दिसत नाही आणि दिवा लागतो. दोन्ही बाजू वरवर सारख्याच दिसतात. एक बारीक टाचणी जवळ नेली की चुंबकाची बाजू तिला हलकेच ओढते, तेवढ्यावर ओळखा. आणि नट ठेवायच्या चुंबकाच्या थाळीत नवीन बेअरिंग टाकू नका, पट्टी खराब होते. ही चूक मी चांगल्या चांगल्या फिटरना करताना पाहिली आहे.

तुमचं बेअरिंग उलटं बसलं असेल तर काढून पुन्हा सुलटं बसवता येईल का, असं तुम्ही विचारालच. नाही. हब बाहेर काढताना जोर छर्‍यांमधूनच जातो आणि आतली अर्धी रिंग बहुतेक वेळा हबला चिकटून येते. ती ग्राइंडरने तिरका काप देऊन, शेवटचा पापुद्रा छिन्नीने फोडून काढावी लागते. ग्राइंडर हबला लागू देऊ नका. तिथे खाच पडली की नव्या रिंगेची बैठक गेली.

एक युक्ती. नवीन बेअरिंग पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि नकल सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत गरम करा. ७२ मिलिमीटरचं भोक तेवढ्या तापमानाला सुमारे पाच शतांश मिलिमीटर मोठं होतं. प्रेसला जोर कमी लागतो. बेअरिंगला मात्र ज्योत दाखवू नका, आत ग्रीस आणि रबर आहे.

शेवटी ॲक्सलचा नट. आतल्या रिंगेचे दोन अर्धे भाग एकमेकांवर दाबून धरायचं काम हाच नट करतो. बेअरिंग किती घट्ट बसलं हे तिथेच ठरतं. म्हणून नट नवा, टॉर्क पान्याने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर. एअर गनने कर्रर्र केलं की झालं, असं कोणी म्हणालं तर गाडी परत घ्या. दुसऱ्याला ब्रेक दाबायला बसवा आणि चाक हवेत असतानाच नट आवळा. नट ढिला असताना गाडीचं वजन बेअरिंगवर टाकू नका, ढकलून दोन फूट सरकवायचीसुद्धा नाही.

काका, मी दहा मिलिमीटरचे स्पेसर लावलेत आणि रिमचा ऑफसेट ४५ वरून ३५ केलाय. सगळे म्हणतात बेअरिंग जाणार. खरंच का?
*– एक वाचक, कॉलेजरोड*

स्पेसर म्हणजे हब आणि रिममधली चकती, आणि ऑफसेट कमी केला की रिम तेवढी बाहेर येते. स्पेसरला मीही नाकं मुरडतो, पण कारण वेगळं. आकडाच करून पाहू. हॅचबॅक गाडी जोरात वळते तेव्हा पुढच्या बाहेरच्या चाकावर साधारण ४०० किलो भार धर. चिकट टायर आडवी पकड जवळजवळ तेवढीच देतात. ती पकड जमिनीवर आहे आणि बेअरिंग तिच्या ३० सेंटिमीटर वर. म्हणजे बेअरिंगला वाकवणारा जोर ४०० गुणिले ०.३, एकशेवीस किलोग्रॅम-मीटर. तुझं चाक स्पेसरने एक आणि ऑफसेटने एक असं दोन सेंटिमीटर बाहेर सरकलं, त्याचा हिशोब ४०० गुणिले ०.०२, म्हणजे आठ. गंमत अशी की बाहेरच्या चाकावर हा आठ त्या एकशेवीसच्या उलट दिशेने लागतो.

म्हणजे ट्रॅकवर बेअरिंग खाणारा तुझा स्पेसर नाही, तुझा टायर आहे. छर्‍यांच्या बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाने कमी होतं. भार सव्वापट झाला की आयुष्य निम्मं, दुप्पट झाला की आठवा हिस्सा. शहरातल्या टायरवरून चिकट टायरवर गेलास त्या दिवशी खर्च वाढला, रिम बदलली त्या दिवशी नाही.

स्पेसरचं खरं दुखणं सरळ रस्त्यावर आहे, जिथे उलट जोर नसतो. इथून चेन्नईपर्यंत हजारावर किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे, ते सगळे त्या वाढीव भाराखाली. शिवाय बोल्ट पुरेसे लांब आहेत का, नट किती आटे पकडतो, ही भीती मला बेअरिंगपेक्षा मोठी वाटते. तेवढं आधी मोज.

वळण संपून ब्रेक दाबला की पहिल्यांदा पेडल खोल जातं, दुसऱ्यांदा दाबलं की कडक लागतं. ऑइल नवीन आहे. बेअरिंगशी याचा संबंध असेल का?
*– एक वाचक, सातपूर*

असेल, आणि हे लक्षण गावात कधीच दिसणार नाही. वळणात हब किंचित कलंडतो, त्याच्यासोबत डिस्क कलंडते आणि पॅड-पिस्टनला मागे ढकलते. मग पहिल्या दाबात ती फट भरून काढण्यातच पेडल जातं. ऑइल उकळलं असतं तर दुसऱ्यांदाही पेडल स्पंजासारखं लागलं असतं. थोडं कलंडणं चांगल्या बेअरिंगलाही असतं, पण आधी नव्हतं आणि आता होतंय तर बेअरिंग बघा. ॲक्सलचा नट ढिला झालाय का तेही. तोवर ब्रेकिंगच्या आधी सरळ रस्त्यावर डाव्या पायाने पेडलला हलका स्पर्श द्यायची सवय ठेवा.

दर ट्रॅक डेच्या आधी बेअरिंगमध्ये ग्रीस भरून घ्यावं का?
*– एक वाचक, सिडको*

नको. सीलबंद बेअरिंग उघडायचं नसतं. सील उचकटून वेगळ्या जातीचं ग्रीस भरलंत तर जुनं-नवं फाटून पातळ होऊ शकतं. जुन्या गाड्यांतल्या टेपर रोलर बेअरिंगची गोष्ट निराळी. ती धुवायची, भरायची, चाक फिरवत नट आवळायचा आणि मग सैल करून बसवायचा. पण ट्रॅकवर जाणाऱ्या तुमच्यातल्या फार कोणाकडे तशी गाडी असेल असं वाटत नाही.

ट्रॅकवरून गाडी धुळीने माखून येते. लगेच प्रेशरने धुतली तर चालेल?
*– एक वाचक, पंचवटी*

गाडी धुवा, पण चाकाच्या मधोमध फवारा मारू नका. सीलची ओठी बाहेरच्या चिखलाला अडवायला केलेली असते, प्रेशरच्या धारेला नाही.

आणि 'लगेच' हा शब्द काढा. सेशन संपलं तेव्हा डिस्क तापलेली असते आणि गाडी थांबली की वारा थांबतो. ती सगळी उष्णता हबमधून बेअरिंगकडे चालू लागते. म्हणून शेवटची एक फेरी ब्रेक न वापरता मारा, हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये उभी करा. थर्मामीटर गन असेल तर दोन्ही हबचे आकडे लिहून ठेवा. डावा थोडा गरम असणारच. पण मागच्या वेळेपेक्षा फरक वाढला असेल तर चाक उचला. गरम बेअरिंगवर थंड पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. पंचवटीकरांना वेगळं सांगायला नको, पण गोदेच्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढलेलं असताना घाटावर राहिलेली गाडी मी ट्रॅकसाठी कधी घेणार नाही, चारही बेअरिंग बदलल्याशिवाय.

किती ट्रॅक डेनंतर बेअरिंग बदलावं? दोन्ही बाजूंची एकदम?
*– एक वाचक, गंगापूर रोड*

आकडा देणारा माणूस थापा मारतोय असं समजा. टायर, वजन, ट्रॅक, बसवणारा, सगळंच वेगळं. स्प्रिंगवर बोटं टेकवायची तपासणी जाण्याआधी आणि आल्यावर करा. एकाच बाजूचं गेलं असेल तर एकच बदला, माझी हरकत नाही. त्यापेक्षा जुन्या बाजारातून डाव्या बाजूची एक नकल घ्या, भोक मापून बघा, निवांतपणे नवीन बेअरिंग आणि हब दाबून ठेवा, आणि जाताना नवा ॲक्सल नट पिशवीत टाका. ट्रॅकवर प्रेस मिळत नाही. अख्खी नकल मात्र साध्या पान्यांनी आणि एका टॉर्क पान्याने दीड-दोन तासांत बदलून होते.