वजन कुठं आहे ते आधी बघा : मॉडर्न जॅझच्या इंटरमिजिएटबद्दल वाचकांचे प्रश्न

‘इंटरमिजिएट’ म्हटलं की आपल्याकडे अजूनही चित्रकलेची सरकारी ग्रेड परीक्षाच आठवते. इथं विषय नाचाचा आहे : मॉडर्न जॅझच्या श्रेणी परीक्षांमधली इंटरमिजिएट. अभ्यासक्रम मंडळागणिक बदलतो, तेव्हा नेमके व्यायाम आपापल्या पुस्तिकेतच बघावेत. पत्रांमधल्या अडचणी मात्र बऱ्याचशा सारख्याच निघाल्या.

मुलीची कथकची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली आहे. दोन वर्षं जॅझ शिकते. कथकचे चक्कर सलग सोळा घेते, पण जॅझमधला एक पिरुएट (एका पायावरची गिरकी) धड होत नाही, मागं तोल जातो. सर म्हणतात, परीक्षेला बसवा. बसवावं का?
— एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

आधी मागं तोल का जातो ते बघू. कथकचा चक्कर टाचेवर फिरतो, बहुधा डाव्या. पिरुएट चवड्यावर फिरतो. टाचेपासून चवड्यापर्यंत चार-पाच इंचांचं अंतर असतं आणि सगळा घोटाळा तेवढ्यातच आहे. मुलगी चवड्यावर उठते, पण वर्षानुवर्षांच्या सवयीनं अंग टाचेच्या रेषेतच राहतं. मग ती मागं कलते आणि सावरायला उडी मारते. पालकांना वाटतं, जोर कमी पडला. ती आणखी जोर लावते आणि आणखी जोरात पडते.

दोन आठवडे गिरकी पूर्ण बंद ठेवा. पॅरलल चौथ्या स्थितीत उभं राहायचं, म्हणजे एक पाय पुढं, एक मागं, दोन्हींची बोटं सरळ समोर. प्लिए करताना, म्हणजे गुडघे वाकवताना, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. तिथून पुढच्या पायाच्या चवड्यावर उठायचं, मागच्या पायाचं टोक उभ्या पायाच्या गुडघ्याला आतून लावायचं आणि ४ काउंट (मोजणीचे ठोके) थांबायचं. ४ काउंटमध्ये खाली. प्रत्येक बाजूला ८ वेळा, रोज. उठताना छाती आणि कंबर दोन्ही एकदम पुढं, चवड्याच्या वर आली पाहिजेत. नुसती छाती पुढं गेली तर पार्श्वभाग मागं राहतो, तोल पुन्हा तिथंच.

समोर बसून तिचा घोटा बघा. वजन अंगठा आणि दुसरं बोट यांच्या मुळाशी हवं. करंगळीकडं गेलं की घोटा बाहेर कलंडतो आणि लचकतोही. टाच जितकी उंच तितका घोटा स्थिर. अर्धवट उचललेली टाच सगळ्यात वाईट. हे ४ काउंट न हलता जमले की पाव गिरकी, मग अर्धी, मग पूर्ण. जोर खांद्यानं द्यायचा नाही. तो जमीन ढकलून येतो, हात फक्त मिटतात. हात मिटण्याआधीच खांदा फिरला की अंग पिळवटतं आणि गिरकी पाऊणवर संपते.

कथकचं ऋणही मोठं आहे. नजर एका जागी रोखून मान झटक्यात फिरवणं तिला आयतं येतं. ते शिकवायला इतर मुलींना महिने लागतात. शिवाय गिरकी समेवर यावी लागते हे तिला सांगावं लागत नाही. जॅझमध्येही शेवट ठरल्या काउंटवर, प्लिएत, टाच आवाज न करता टेकवून करायचा. गिरकीनंतरचा पाऊल सरकवलेला एक काउंट परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

बसवायचं की नाही, यासाठी आमचा ठोकताळा असा : दोन्ही बाजूंना दहापैकी आठ एकेरी पिरुएट स्वच्छ येत असतील तर बसवा. या पातळीवर दुहेरी गिरक्याही मागितल्या जातात आणि दुहेरीला दुप्पट जोर लागत नाही, दुप्पट वेळ सरळ उभं राहावं लागतं. फक्त उजवीकडं होत असेल तर एक सत्र थांबा. डावी बाजू शेवटच्या महिन्यात येत नाही.

सर म्हणतात, ‘तुझ्यात स्विंग नाही.’ स्टेप्स बरोबर असतात, पण मी म्युझिकच्या आधी पोचते. हे शिकून येतं का?
— बारावीची विद्यार्थिनी, कसबा बावडा

येतं. एका काउंटचे सरळ दोन समान तुकडे केले की ‘एक-आणि-दोन-आणि’ होतं. स्विंगमध्ये काउंटचे तीन भाग धरतात आणि मधला बोलत नाहीत. तिस्र जाती माहीत असेल तर सोपं आहे : ‘तकिट तकिट’ म्हणत राहा, मग ‘कि’ मनातच म्हणा. उरलं ‘त–ट, त–ट’, एक लांब, एक आखूड. तुमचा ‘आणि’ दोन काउंटच्या बरोबर मध्ये पडतो, तो थोडा उशिरा, पुढच्या काउंटला चिकटून पडायला हवा. किक-बॉल-चेंज घ्या : किक ‘एक’वर, ‘आणि’वर चवड्याचा निसटता स्पर्श, ‘दोन’वर वजन. तो मधला स्पर्श घाईनं झाला की पुढचं सगळं आधी पोचतं.

दुसरी गोष्ट टाळीची. आपला कान समेवर जोर शोधतो. जॅझमध्ये टाळी २ आणि ४ वर. मोबाइलवर मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं ॲप) मिनिटाला १०० ठोक्यांवर लावून प्रत्येक ठोक्याला एक पाऊल टाका, टाळी फक्त २ आणि ४ वर, दोन मिनिटं न चुकता. मग ८० वर आणा. हळू लय जास्त अवघड, कारण मोकळी जागा भरायची घाई होते. परीक्षेचं प्रत्येक म्युझिक स्विंग नसतं. काही सरळ लयीचंही असतं. म्हणून सुरुवातीचे आठ काउंट ऐकताना हालचाल आठवत बसू नका, लय लांब-आखूड आहे की समान एवढंच ओळखा.

तोंडी प्रश्नांसाठी मुलांकडून काय करून घ्यावं? पाठांतर खूप करतात, पण विचारलं की गोंधळतात.
— नृत्यशिक्षिका, इचलकरंजी

व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा प्रत्येक संज्ञा करून दाखवत बोलायला लावा. ‘कॉन्ट्रॅक्शन म्हणजे काय?’ यावर ‘पोट आत घेणं’ असं उत्तर आलं की समजावं, अंगातही तेच आहे. ओटीपोट आत खेचून कण्याचा खालचा भाग मागं गोलावतो आणि खांदे कंबरेच्या वरच राहतात, ते कॉन्ट्रॅक्शन. खांदे पुढं पडले तर तो नुसता पोक. आयसोलेशनचं, म्हणजे बाकी अंग स्थिर ठेवून एकच भाग हलवण्याचंही तसंच. बरगड्या उजवीकडं सरकवताना कंबर डावीकडं पळत असेल तर मुलाला खुर्चीवर बसवा. बसल्यावर कंबरेला पळायला वाट नसते. एकेका दिशेला ८ काउंट, मग ४, मग २, मग १.

इतिहासात आपल्या मुलांना जवळचा वाटेल असा एक धागा आहे. अमेरिकी रंगमंचीय जॅझचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो जॅक कोल (१९११–१९७४) भरतनाट्यम शिकला होता आणि त्या हालचाली त्यानं स्विंग संगीतावर बसवल्या. मान न कलवता आडवी सरकवणं आपल्याकडं ‘सुंदरी ग्रीवा’ म्हणून शिकवतात. जॅझच्या हेड आयसोलेशनमध्ये तीच हालचाल दिसली की मुलं दचकतात. कोलकडून त्याचा शिष्य मॅट मॅटॉक्स याच्याकडं ही शिस्त गेली. एवढी साखळी समजली की सनावळीची भीती जाते.

घरात टाइल्स आहेत. सरावानंतर मुलीच्या नडग्या दुखतात. बुटांत जाड सोल घातला तर चालेल का?
— एक पालक, मंगळवार पेठ

सोलनं प्रश्न सुटत नाही, शिवाय जाड सोलमध्ये चवड्याला जमीन कळत नाही. काँक्रीटवरच्या टाइल्स अजिबात दबत नाहीत. उडीचा धक्का जमिनीनं घेतला नाही की तो नडगीला बसतो. कोल्हापुरात हे समजावून सांगायला नको खरं तर : माती उकरून मऊ केल्याशिवाय तालमीत पैलवान उतरत नाही. मग पोरीनं टाइल्सवर शंभर उड्या का माराव्यात?

घरी उड्या बंद. त्या क्लासच्या लाकडी, खालून पोकळ असलेल्या फ्लोअरवरच. घरी प्लिए, टेंडू (पाय जमिनीवरून सरकवत ताणणं), तोल, आयसोलेशन आणि काउंटचं काम भरपूर उरतं. गिरक्यांसाठी ८ बाय ४ फुटांचा प्लायवूडचा एक पत्रा पुरतो. खाली रबरी मॅट घाला, नाहीतर पत्राच सरकतो. पावसाळ्यात दमट प्लायवर बूट चिकटतो आणि पाय तिथंच राहून गुडघा फिरतो. सरावाआधी कोरड्या फडक्यानं पुसून एकदा पाय सरकवून बघावा.

उडीतून उतरताना क्रमही बघा : आधी बोटं, मग चवडा, मग टाच, लगेच प्लिए. टाच टेकतच नसेल तर पोटरी कायम ताणलेली राहते आणि नडगीला ओढ बसते. दुखणं नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेलं असेल तर विश्रांतीनं बहुधा कमी होतं. पण एकाच बोटाएवढ्या जागी दुखत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल तर सराव थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच, कारण तिथं हाडाला बारीक तडा असू शकतो. परीक्षेची तारीख जवळ आली म्हणून गोळी घेऊन नाचू देऊ नका.

परीक्षक आयत्या वेळी जी रचना देतात ती माझ्या लक्षातच राहत नाही. बसवलेलं सगळं छान येतं.
— अकरावीचा विद्यार्थी, शाहूपुरी

तू बहुतेक हात बघतोस. हात ठळक असतात, पण रचना पायांत असते. पहिल्यांदा दाखवतील तेव्हा फक्त वजन बघ : कुठल्या पायावर, कुठल्या काउंटला. दुसऱ्यांदा दिशा आणि तोंड कुठं ते. हात शेवटी, आणि ते राहिलेच तर साध्या दुसऱ्या स्थितीत, म्हणजे दोन्ही बाजूंना, उघडे ठेव. उलट केलंस तर हात बरोबर येतील आणि पाय अडकेल.

आठवड्यातून दोनदा मित्राकडून चार आठांची, म्हणजे आठ-आठ काउंटच्या चार तुकड्यांची, नवी रचना घे. तो दोनदाच दाखवेल, मग उजवीकडून आणि लगेच डावीकडून. दर वेळी माणूस बदल, कारण सरांची शैली तुला आधीच पाठ आहे. चुकलास तर थांबायचं नाही, पुढच्या ‘एक’ला पकडायचं. चुकल्यावर आरशाकडं बघून जीभ चावायची सवय आत्ताच मोड. ती चूक लपवत नाही, दाखवते.

केंद्र मुंबईला आलं आहे. सकाळी पोचून दुपारी परीक्षा दिली तर चालेल?
— एक पालक, गडहिंग्लज

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी पोचता येतं, पण रात्रभराच्या प्रवासानं मांड्या आणि कंबर आखडते. जमलं तर आदल्या दिवशी जा. नाहीच जमलं तर परीक्षेआधी किमान २५ मिनिटं अंग गरम करायला हवीत : आधी चालणं-धावणं, मग प्लिए आणि आयसोलेशन, शेवटी छोट्या उड्या. एकेका पायाला मिनिटभराहून जास्त वेळ ताणून बसू नये, त्यानं उडीचा जोर उतरतो. नवे जॅझ शूज तीन आठवडे आधी घालायला लागा. पैंजण, बांगड्या, कानातले लोंबते काही नको. केसांचा अंबाडा जाळी आणि पिनांनी इतका घट्ट की मान झटकली तरी हलणार नाही.

खाणं दोन तास आधी : दहीभात, केळं, इडली. मिसळ परतीच्या दिवशी.