१९६९ च्या शेवरोलेच्या झेडएल-१ कमॅरो गाडीत गिअरबॉक्स एम-२१ आहे की एम-२२, हे कसं ओळखायचं?

विकणारा ‘रॉक क्रशर आहे’ (म्हणजे एम-२२, हे त्याचं टोपणनाव) म्हणतोय, एवढ्यावर जास्तीचे पैसे मोजू नका. झेडएल-१ एकूण ६९ च बनल्या. ॲल्युमिनियमच्या ४२७ घनइंची इंजिनामागे म्युन्सीचा चार गिअरचा एम-२१ किंवा एम-२२, नाहीतर टर्बो हायड्रामॅटिक ४०० ऑटोमॅटिक यायचा.

एम-२१ आणि एम-२२ चे रेशो सारखेच: २.२०, १.६४, १.२७, १.००. त्यामुळे पिकअपवरून काहीच कळणार नाही. फरक दात्यांच्या तिरकेपणात आहे. एम-२२ चे दाते कमी तिरके, म्हणून शाफ्टवर बाजूचा रेटा आणि उष्णता कमी, पण आवाज जास्त. नाव पडलं ते त्या घरघरीमुळेच. पुष्कळजण ती ऐकून बेअरिंग गेलं समजतात आणि चांगला गिअरबॉक्स खोलून बसतात. चौथ्या गिअरला ताण दात्यांवरून जात नाही, त्यामुळे तिथे घरघर उतरायला हवी. चौथ्यातही खरखर तशीच राहिली तर मात्र बेअरिंगच बघा.

आधी बाजूच्या झाकणाचे बोल्ट मोजा. म्युन्सीला सात असतात. नऊ दिसले तर तो बोर्ग-वॉर्नर या दुसऱ्या कंपनीचा टी-१० गिअरबॉक्स आहे. मग केसच्या उजव्या बाजूला, मागच्या कडेपाशी वायर ब्रशने माती काढा. ‘पी९बी१२सी’ असं काही दिसेल: पी म्हणजे म्युन्सी कारखाना, ९ वर्ष, बी फेब्रुवारी, १२ तारीख. शेवटचं अक्षर महत्त्वाचं. ए म्हणजे एम-२० (म्युन्सीचाच, पण पहिल्या गिअरचा रेशो जास्त), बी म्हणजे एम-२१, सी म्हणजे एम-२२. महिन्याची अक्षरं सरळ क्रमाने नाहीत. जून एच आहे, जुलै के. जवळच गाडीच्या नंबरचा तुकडाही असतो, १९एन आणि पुढे सहा आकडे. तो चेसिसशी जुळला नाही तर गिअरबॉक्स मूळचा नाही, मग अक्षर कुठलंही असो.

पण केस मूळची आणि आतले गिअर बदललेले, हेही सर्रास चालतं. गिअरबॉक्स उतरवलाच तर इनपुट शाफ्ट (इंजिनाकडून ताकद घेणारा दांडा) बघा: दोन खाचा एम-२०, एक खाच एम-२१, गुळगुळीत असेल तर एम-२२. नव्याने बनवलेले सुटे गिअर हा नियम पाळतीलच असं नाही, म्हणून झाकण काढून दाते डोळ्यांनी बघितलेले बरे. उतरवायचा नसेल तर बॅटरी आणि स्पार्क प्लग काढा, मागची दोन्ही चाकं स्टँडवर उचला, पहिला गिअर टाका आणि इंजिन हाताने फिरवा. प्रोपेलर शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे सव्वादोनच्या किंचित आत फेरे झाले तर २.२० चा सेट, अडीच झाले तर आत एम-२० बसवलाय.

तेल जीएल-४ दर्जाचंच (गिअर ऑइलची प्रत), साधारण १.४ लिटर, भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. जीएल-५ मधली रसायनं पितळी सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) खातात. पुढून तेल गळत असेल तर काउंटरशाफ्टच्या (मुख्य शाफ्टखालचा गिअरांचा दांडा) पिनचं केसमधलं भोक तपासा. ॲल्युमिनियम झिजून ते मोठं होतं, पिन हलते, गिअरांची रेष चुकते. तिथे सीलंट फासून भागत नाही, भोक बोअर करून बुश बसवावा लागतो.