तीन आठवड्यांचं पाणी

पुणे, मे अखेर

प्रिय दोस्त,

2050 सालच्या पुण्याचं तू लिहिलेलं चित्र वाचलं. गच्च्यांवर बागा, टँकर बंद, मुठा नदीत पोहणारी मुलं. छान आहे. पण त्यात एकही आकडा नाही, आणि सोसायटीच्या सभेत कुणीतरी "नक्की किती पाणी मिळणार?" असं विचारलं की हे चित्र तिथेच गळपटेल. तेव्हा शहर तूर्त राहू दे, एक गच्ची घे, आणि तिच्यावरचं पावसाचं पाणी साठवलं तर किती मिळतं ते मोज.

गच्ची 500 चौरस मीटर आहे असं समज. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. वर्षाचा पाऊस ढोबळमानाने 700 मिमी धर. झाले साडेतीन लाख लिटर. वाफ, गळती, सोडून दिलेलं पाणी यांच्यासाठी 0.8ने गुण, म्हणजे 2,80,000 उरतात. दहा हजार लिटरचे 28 टँकर! सभेत इथे टाळ्या पडतात. आता खर्चाची बाजू मांड. 24 फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी रोज 135 लिटर या नेहमीच्या निकषाने रोज जवळपास 13,000 लिटर लागतात. वर्षभराचा सगळा पाऊस पुरतो एकवीस-बावीस दिवस.

हा आकडा लपवू नकोस. "सोसायटी स्वयंपूर्ण होईल" असं सांगून बसवलेल्या योजना दुसऱ्याच उन्हाळ्यात बदनाम होतात आणि मग पाणी गाळणाऱ्या फिल्टरकडे कुणी फिरकत नाही. तीन आठवडे हे खरं आश्वासन आहे.

हे पाणी ठेवायचं कुठे? एवढी टाकी परवडत नाही, म्हणून बोअरमधून जमिनीत मुरवायचं. पुण्याखाली बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. त्याच्या घट्ट थरात पाणी जवळजवळ शिरतच नाही. ते राहतं मुरमात, सच्छिद्र थरात आणि भेगांत. म्हणून आधी बोअर मारणाऱ्याकडून किंवा जुन्या कागदांतून किती फुटांवर पाणी लागलं होतं ते शोध. कोरड्या बोअरमध्ये पाणी सोडायचंच असेल तर आधी टँकरभर ओतून पाहा. तासाभरात पातळी उतरली नाही, तर तिथे खर्च करू नकोस.

आणखी एक. तू मुरवलेलं पाणी कंपाउंडच्या भिंतीशी थांबत नाही; शेजारचा बोअरही ते उपसतो. त्यामुळे तुझ्या चित्रातलं एकक इमारत नसून गल्ली असायला हवं. हे या गावाला नवं नाही. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचं पाणी नुसत्या उताराने पेठांतल्या हौदांत येई, आणि हौद एका घराचा नसे.

आता खड्डा, म्हणजे गच्चीचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडणारा, बोअरभोवतीचा दगड-वाळूचा फिल्टर. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. ताशी 50 मिमीची सर आली तर आपल्या गच्चीवरून तासाला 25,000 लिटर उतरतात, पंधरा मिनिटांत सव्वासहा हजार. दोन बाय दोन मीटर आणि दीड मीटर खोल खड्डा कागदावर 6,000 लिटरचा. पण त्यात दगड भरले की पाण्याला जागा उरते जेमतेम 40 टक्के, म्हणजे 2,400 लिटर. उरलेलं थेट रस्त्यावर, तिथून ओढ्यात. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री शहरातल्या आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते आठव. म्हणून फिल्टरच्या आधी गाळ बसायला एक रिकामी टाकी हवीच, जेवढी मोठी जमेल तेवढी.

फिल्टरमध्ये तळाला मोठे दगड, त्यावर खडी, सगळ्यात वर जाड वाळू, आणि वाळू-खडीच्या मध्ये नायलॉनची जाळी. जाळी नसेल तर वाळू खाली उतरते आणि दोन पावसाळ्यांत सगळं चोंदतं. बोअरच्या केसिंगला, म्हणजे आत बसवलेल्या पाइपला, भोकं पाडायची ती तळाच्या दगडांच्या थरातच, बाहेरून जाळी गुंडाळून. भोकं वाळूच्या पातळीला पडली, तर गाळ सरळ बोअरमध्ये जातो आणि तो परत काढणं महाग पडतं. जूनमधल्या पहिल्या एक-दोन सरींचं पाणी व्हॉल्व्ह उघडून बाहेर सोड, त्यात वर्षभराची धूळ आणि कबुतरांची घाण असते. पार्किंगमधलं पाणी बोअरला कधीच जोडू नकोस. त्यात तेल असतं. ड्रेनेजचं चेंबर जवळ असेल तर जागाच बदल.

व्हॉल्व्ह कोण उघडणार, हा प्रश्न किरकोळ वाटतो. बंद पडलेल्या बहुतेक योजना याच प्रश्नावर अडलेल्या असतात. वॉचमन बदलतो, समिती बदलते. व्हॉल्व्हशेजारी पत्र्यावर रंगाने लिहून ठेव: कधी उघडायचा, कधी बंद करायचा, वरची दोन इंच वाळू दर मे महिन्यात काढून धुवायची.

आणि वही घाल. महिन्यातून एकदा, पहाटे पंप सुरू व्हायच्या आधी, दोरीला वजन बांधून बोअरची पातळी मोज. पंप चालू असताना घेतलेलं माप फसवं असतं. शेजारच्या दोन सोसायट्यांनाही त्याच दिवशी मोजायला लाव. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी हाती आल्या, की 2050चं पुणं पुन्हा लिहायला बस.

पाऊस आठ-पंधरा दिवसांवर आलाय. गच्चीचं माप टेपने घे, नकाशावरचं नको. वरचा जिना आणि टाक्यांखालची जागा वेगळी मांड, आणि आकडा कळव.

तुझा,
काका