आम्ही पुण्यात राहतो. कोकणातल्या बंगल्यात केअरटेकर ठेवून होमस्टेचं रजिस्ट्रेशन मिळेल का?

केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या होमस्टे योजनेत नाही मिळणार. 1 ते 6 खोल्या, फार तर 12 खाटा, आणि मालक कुटुंबासकट त्याच घरात राहणारा हवा. दर्जा सुवर्ण असो की रौप्य, ही अट सुटत नाही. आणि सुटूही नये. घरचं माणूसच नसेल तर ते लॉज झालं.

एवढ्या तावाने लिहितोय कारण माझा सख्खा थोरला भाऊ ठाण्यात बसून वर्षानुवर्षं तुमच्यासारखंच म्हणतोय. आमचं घर वेळणेश्वरजवळ, वडिलोपार्जित, घरपट्टी दोघांच्या नावाने. त्यामुळे त्याचं संमतीपत्र लागलं, ते त्याने आठ महिने लटकवलं. म्हणे, "तू तिथे राहून करतोस काय? किल्ली द्यायला गडी पुरे."

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आईच्या मोतीबिंदूसाठी आम्ही दोघं बारा दिवस मुंबईत होतो. दादाने तेवढ्यात परस्पर बुकिंग घेतलं. सहा जण सांगून अकरा आले. रात्री साडेअकराला मागच्या न्हाणीत एका पोराला विंचू चावला. बारका, लाल. आम्ही रोज तिन्हीसांजेला न्हाणीतलं पायपुसणं झटकून बाहेर टाकतो, चुलीची लाकडं भिंतीला टेकू देत नाही. गड्याला हे ठाऊक होतं, पण तो जेवून वाडीवर झोपायला गेलेला. बुकिंगवर नंबर दादाचा. त्यांनी ठाण्याला फोन लावला, दादाने मला, मी शेजारच्या काकांना. काकांचा मुलगा लुंगीवरच रिक्षा घेऊन गेला, तोवर पोर घामाने थबथबलं होतं आणि हातपाय गार. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला म्हणून लाल विंचवातून माणसं उठतात, पण आधी दवाखाना तर गाठायला हवा! पोर वाचलं.

दादा म्हणाला, "तू असतास तर काय विंचू चावला नसता?" चावला असता. पण चाळीस मिनिटं फोनाफोनीत गेली नसती.

तेव्हा बंगला भाड्याने द्यायचाय तर द्या, होमस्टे म्हणू नका. परदेशी पाहुणा आला की 24 तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, ती तुमचा केअरटेकर भरणार आहे का? गोव्यात घ्यायचा विचार असेल तर तिथे 1982 च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागतेच. राज्याच्या निवास-न्याहारी योजनेचे कागद पर्यटन संचालनालयात विचारून घ्या, ग्रामपंचायतीपासून सुरुवात करा.

सगळेच केअरटेकर तसे नसतात, हेही खरं. आमच्याच वाडीत एका पुणेकरांचा बंगला एक जोडपं आमच्याहून चकाचक ठेवतं.

आणि बंगल्यात भाऊ-बहीण भागीदार असतील तर संमतीपत्रातच उत्पन्नाचा वाटा लिहून घ्या. जो तिथे राहतो, पाणी तापवतो, पायपुसणी झटकतो, त्याचा जास्त. आमचे दादा निम्मे मागतात. त्या अकरा जणांचे पैसे मात्र अजून त्यांच्याच खात्यात आहेत.