२१४७४८३६४७ या मूळ संख्येत एवढं विशेष काय आहे?

ही संख्या म्हणजे २ च्या ३१व्या घातातून १ वजा. अशा रूपातल्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ही त्यातली आठवी. द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहिली तर ओळीने ३१ वेळा १, बाकी काही नाही.

ती मूळ आहे हे गणितज्ञ ऑयलरने दाखवलं (१७७२), आणि मला खरी गंमत तिथेच वाटते. सरधोपटपणे तपासायचं तर वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४० पर्यंतच्या, सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. पण हिला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरायला हवी. एवढ्या एका अटीने बहुतेक उमेदवार आपोआप बाद होतात. उरलेल्यांचा भागाकार हाताने करता येतो, अर्थात चिकाटी ऑयलरची हवी!

हिला २ च्या ३०व्या घाताने गुणलं की १९ अंकी परिपूर्ण संख्या मिळते: स्वतःखेरीज बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना ती वेगळ्याच कारणाने पाठ असते. संगणकात ३२ बिटांत (० किंवा १ च्या ३२ जागांत) साठवलेल्या चिन्हांकित, म्हणजे धन किंवा ऋण असू शकणाऱ्या, पूर्णांकाची कमाल मर्यादा हीच. ती मूळ निघाली, हा मात्र निव्वळ योगायोग.